मामांचा अंगठा

"लिनक्स आहे, मामा. हे कधी बंद पडत नाही," भाचा म्हणाला आणि स्पीकर मुका झाला.

कॉम्प्युटर खरंच बंद पडला नव्हता. त्याला बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क तेवढी गायब झाली होती.

"चालू आहे ना तुझं लिनक्स?"

"चालू आहे."

"मग चेटकीण आता त्याच्या आवाजात बोलणार का?"

बाहुल्यांचा खेळ अर्ध्या तासावर आला होता. हॉल भरत होता. राजा, चेटकीण, गाढव, तिघांचेही आवाज मामीचे. घशाच्या ऑपरेशनआधी तिने ते रेकॉर्ड करून ठेवले होते, या एकाच डिस्कवर. आवाज परत येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशननंतर मामीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"अरे, मग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ना!"

"किती वेळा घेतलं, मामा. दर वेळी गाढवापाशी तुटतं."

भाच्याने केबल बदलली. कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेतून काढून पुढच्या खाचेत लावली. डिस्क स्क्रीनवर यायची, टेकल्यासारखं करायची आणि पळायची. परत आली तर नाव बदलून यायची, फरार असल्यासारखी. शेवटी भाच्याने कॉम्प्युटरची तक्रार ओळ न् ओळ वाचली.

"हिला वीज कमी पडतेय."

मामीच्या हातात चेटकीण होती. चेटकिणीने टेबलावरच्या चिमुकल्या पंख्याला टपली मारली. पंखा कॉम्प्युटरलाच, डिस्कच्या शेजारी जोडलेला, तिच्याच वाटची वीज खात होता. मामांना उकडतं म्हणून तो भाच्यानेच लावला होता.

पंखा निघाला. डिस्क स्थिरावली. मामा शिंकले. डिस्क गेली.

"केबलचं टोक सैल आहे. अंगठ्याने दाबून धरा."

"किती वेळ?"

"खेळ संपेपर्यंत."

"आणि राजा कोण नाचवणार?"

मामीने त्यांच्या हातातून राजा काढून घेतला.

पडदा उघडला. मामीच्या एका हातावर राजा, दुसऱ्यावर चेटकीण. गाढव भाच्याकडे आलं. त्याने ते उलटं चढवलं, त्यामुळे ते सगळा खेळभर राजाकडे पाठ करून बोललं. लोक हसून लोळले. मामा घामाघूम होऊन डिस्क पोटाशी धरून उभे, अंगठा केबलवर. स्पीकरवर मामी बोलत होती आणि तिकडे तिचा आवाज थोडा थोडा कॉम्प्युटरवर उतरत होता.

शेवटच्या प्रवेशात भाच्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि मान डोलावली. गाढवसुद्धा उतरलं होतं. आवाज आता दोन ठिकाणी होता.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. मामांना राहवलं नाही. त्यांनीही वाजवल्या, दोन्ही हातांनी.

डिस्क मामीच्या पायावर पडली.

"अहो!"

आवाज घोगरा होता, फाटका होता. लोकांना वाटलं, गाढव परत आलं.