पडद्यावरचं वर्तुळ

अंदाजाच्या पडद्यावर दिवसभरातली प्रत्येक लाट सकाळीच दिसायची. त्यातली डोंगराएवढी लाट पाहून कॅप्टन दमयंती तांडेलने जहाज वेळेत वळवलं. लाट गरजत बाजूने निघून गेली आणि सगळे वाचले.

पडद्यावर आता जहाजालगतच्या शांत पाण्यात एक इवलंसं वर्तुळ उरलं होतं.

"सकाळपासून आहे ते, मॅडम. मशीनच चुकलंय," सुकाणूवरचा सुर्वे म्हणाला.

आईने निघताना बळेच दिलेला नारळ दमयंतीला एकदम आठवला. संकट टळलं की दर्याला नारळ द्यायची कोळ्यांची रीत. बाहेर येऊन तिने तो कठड्यावरून पाण्यात सोडला. पाण्यावर एक इवलंसं वर्तुळ उमटलं.

"मॅडम, पडद्यावरचं वर्तुळ जुळलं!" आतून सुर्वे ओरडला.

तिचे जोडलेले हात तसेच राहिले. नारळ तिला आत्ता आठवला होता. दर्याला तो सकाळीच ठाऊक होता.