मागचं दिसायला हवं

"पुढं काय नको. सगळं मागं लावा," गुणाजी म्हणाला आणि पिकअपची चावी त्याने काउंटरवर ठेवली.

विनीतने हातातला चहा बाजूला सारला. कुवारबावच्या हमरस्त्यावर त्याचं गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान होतं. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, यावर त्याची भारी श्रद्धा. पण असलं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. माणसं आधी गाडीचं तोंड सजवतात. बंपरला गार्ड, काचेवर देवाचं नाव, वर पिवळे दिवे. मागे रेडियमच्या दोन पट्ट्या चिकटवल्या की संपलं.

"काका, निदान फॉग लॅम्प तरी घ्या. पावसाळ्यात घाटात काही दिसत नाही."

"पुढचं मला दिसतं."

विनीत गुणाजीला ओळखून होता. म्हातारा पावसकडचा. आंब्याच्या दिवसांत पेट्या वाहायचा, एरवी नारळ. गेल्या साली आला होता तो भलत्याच कामाला. गाडी मागे घेताना वाजणारा बझर त्याला बंद करून हवा होता. पहाटे पेट्या भरायला गाडी मागे घेतली की घरात नातू दचकून उठतो आणि मग सुनेच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असं त्याचं गाऱ्हाणं. विनीतने गाडीखाली वाकून एक वायर कापली. पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, "नातवाला माझ्याकडून भेट."

आज वाटेतली चार दुकानं सोडून म्हातारा पुन्हा इथेच आला, तो त्या भेटीमुळे, याबद्दल विनीतला शंका नव्हती. केलेलं कुठे जात नाही म्हणतात, ते असं.

"बझर हाय त्यातला सगळ्यात मोठा लावा," गुणाजी म्हणाला.

"आता नातवाची झोपमोड होत नाही वाटतं?"

"नाय. आता नाय उठत."

"पोरं जरा मोठी झाली की कानाशी ढोल बडवा, ढिम्म हलत नाहीत. आमचा पण तसाच," विनीत हसून म्हणाला आणि कामाला लागला.

गुणाजी स्टुलावर बसला नाही. विनीत प्रत्येक स्क्रू पिळत असताना तो शेजारी उभा राहून बघत होता. हौद्याच्या मागे दोन पांढरे दिवे बसले, कोपऱ्यात फुगीर काचेचा गोल आरसा बसला. कॅमेऱ्यावर मात्र म्हातारा अडून बसला.

"अजून खाली वळवा. चाकाजवळचं दिसाय हवं."

"चाकाजवळ काय बघायचंय? मागची भिंत दिसली म्हणजे झालं."

"खाली वळवा."

विनीतने तोंडातल्या तोंडात पुटपुटत कॅमेरा दुसऱ्यांदा खोलला. "एवढं सगळं कशासाठी चाललंय, काका?"

"शुक्रवारी सून यायचीय. माहेरी हाय, मालगुंडला. वर्ष होऊन गेलं."

"भांडण?"

"भांडली असती तर बरं झालं असतं. एक अक्षर बोलली नाय. निरोप धाडला, अंगणात ती गाडी असेल तर पाऊल टाकणार नाय."

"मग विकून टाका की गाडी."

"नि खायचं काय? मुंबईत मुलाचं त्याचंच भागत नाय." गुणाजीने हौद्याच्या फळीवरून हात फिरवला. "म्हटलं, गाडीच बदलून दाखवू. तिला पटलं तर घरात येईल. नायतर दारातनं मागं फिरंल, ती कायमची. मग मी एकटाच त्या घरात."

विनीतला वाईट वाटलं. नातू आईबरोबर मालगुंडला अडकलेला, म्हणून म्हाताऱ्याचा जीव असा तुटतो, हे त्याला लगेच उमगलं. सुनांचे रुसवे त्याच्याही घरात होते. पण गाडीवर रुसलेली सून त्याने पहिल्यांदाच ऐकली.

काम झाल्यावर गुणाजीने त्याला आत बसवलं, गाडी जागच्या जागीच रिव्हर्स गियरमध्ये टाकायला सांगितली आणि स्वतः मागे जाऊन उकिडवा बसला. बझर असा किंचाळला की समोरच्या टपरीवरची माणसं वळून पाहू लागली.

"मी दिसतोय?"

"दिसताय."

गुणाजीने खिशातून काहीतरी काढून चाकामागे जमिनीवर ठेवलं. "नि ही?"

विनीतने स्क्रीनकडे वाकून पाहिलं. लहान मुलाची लाल चप्पल होती. "तिचं बक्कलसुद्धा दिसतंय. आता तरी झालं समाधान?"

गुणाजीने चप्पल उचलून तिची धूळ पुसली. विनीत गाडी बंद करून मागे आला तेव्हा त्याने ती चप्पल पुढे केली. "एवढी मागं बांधून द्या."

गाडीला दृष्ट लागू नये म्हणून चप्पल टांगतात, त्यात नवल नव्हतं. पण टांगतात ती जुनी, झिजलेली. ही तर कोरी होती. विनीतने अंगठ्याने तळवा दाबला तशी ती चीं करून वाजली.

"काका, ही कशाला वाया घालवता? नवी दिसतेय."

"हौसेनं आणलेली. झोपताना पण पायातनं काढू द्यायचा नाय."

"मग जोडी राहू दे. त्याला होत नसली तर दुसऱ्या कुणाच्या पोराला होईल. दुसरी कुठाय?"

गुणाजीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुम्ही वायर कापलीत ना, त्याच्या चौथ्या दिवशी पहाटे तो आपला आपण उठून अंगणात आला. मी गाडी मागं घेत होतो," तो म्हणाला. "दुसरी पायातच ऱ्हायली. तसाच पुरला त्याला."