ट्विटरची वायर

"बेसलेही ट्विटर लागतेच," उत्तमराव म्हणाले. "त्याच्याबिगर आवाज भरते, पन खुलत नाई. वाजव पोरी."

सुचिताने गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला. बुलढाण्यातल्या या भाड्याच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. मालक उत्तमराव समोरच खुर्चीत बसले होते, गालात गुटखा धरून. मागे प्रेम कीबोर्ड पुसत होता. दयाराम काका तेवढे बाहेर ओट्यावर होते. मेहकरहून एसटीने तेच तिला घेऊन आले होते, पण दारातून आत यायला तयार नव्हते.

याच ऑर्केस्ट्रात काकांनी बावीस वर्षं बेस गिटार वाजवली, आणि सुचिताला शिकवलीही त्यांनीच. दोन महिन्यांपूर्वी उत्तमरावांनी बेससाठी नवा स्पीकर-बॉक्स आणला. जुन्यात नुसता मोठा स्पीकर होता. यात वरच्या बाजूला ट्विटर होता, बारीक, धारदार आवाज काढणारा. "बेस पोटात ऐकू आला पाह्यजे, त्याले ट्विटर कायले?" असं काका म्हणून बसले. त्यावर उत्तमराव सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या बोटाची खरखर ऐकू येते त्याच्यातून, म्हनून नको वाटते तुमाले." काकांनी मान खाली घातली ती घातलीच. माझ्या जागी सुचिताला घ्या, हा निरोपही त्यांनीच पाठवला.

सुचिता जपून वाजवत होती. खरखर येऊ नये म्हणून बोट उचलून ठेवत होती.

"वा! ऐक रे प्रेम, काय सफाई हाये. ट्विटरमंदून कसं मोती सांडून राह्यले!"

तेवढ्यात तिचं बोट घसरलं. तारेवरून खर्रकन ओढलं गेलं. ती दचकली. पण बॉक्समधून आली ती नुसती दबलेली गुरगुर. तिने मुद्दाम नखाने तार वरपासून खालपर्यंत खरवडली. पुन्हा तेच. मग ती बॉक्सजवळ वाकली, ट्विटरला कान लावला आणि आणखी एकदा खरवडली.

"हा बंद आहे," ती म्हणाली.

"बंद कसा राहीन? आत्ताच तं वाजला."

कीबोर्डच्या पेटीत स्क्रूड्रायव्हर होता. तिने बॉक्सचं बटण बंद केलं आणि मागची पट्टी उघडली. कोणी तिला अडवलं नाही. ट्विटरची वायर पकडीने तोडलेली होती. दोन्ही टोकांना काळी टेप नीट गुंडाळली होती, वर धूळही बसली होती.

सुचिताने प्रेमकडे पाहिलं. त्याचं फडकं थांबलं.

"पहिल्याच दिवशी तोडली," तो पुटपुटला. "लय सीसी करे. उत्तमरावच म्हनले, बेसले काय करायचा ट्विटर."

"म्हणजे काकांची खरखर..."

उत्तमराव हसले. ओठांच्या कोपऱ्यात लाल थुंकी जमली होती. ती त्यांनी जिभेने आत घेतली.

"आता माणसाले तोंडावर म्हनावं का, का बाबा तू म्हातारा झाला? लोक मोबाईलमंदी शूटिंग काढून राह्यले, अन् स्टेजवर याईचं टक्कल! डब्याचं नाव घेतलं, त्याईची इज्जत राह्यली. अन् बेसवर तुह्यासारखी पोरगी उभी राह्यली का अर्धा कार्यक्रम तिथंच जमला." त्यांनी तिला पायापासून वरपर्यंत पाहिलं. "तुले काय, तुही तं जागा झाली ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, चोरटेपणाही नव्हता. घरातल्या लहान लेकराला समजवावं तसे ते बोलत होते. त्यांनी बसायला दिलेली खुर्ची, मघाशी दिलेलं पाणी, पाठीवरून फिरवलेला हात, सगळंच अंगाला चिकटून राहिल्यासारखं वाटलं. तिने हात ओढणीला पुसले.

मग ती दाराशी गेली.

"काका, आत या."

"नको व माय. तू वाजव."

"या म्हणते ना."

दयाराम काका चपला काढून आत आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. सुचिताने त्यांना बॉक्सजवळ नेलं आणि वायरची टोकं बाहेर ओढून दाखवली. "हा ट्विटर कधी वाजलाच नाही, काका. पहिल्या दिवसापासून तोडून ठेवलाय."

काकांनी वायर पाहिली. प्रेमकडे पाहिलं. प्रेमने मान फिरवली. मग ते बराच वेळ त्या टेपवरून अंगठा फिरवत राहिले.

"असं असते कधीमधी," उत्तमराव खुर्चीतून म्हणाले. "आता एवढं मनात हाये तं वाजवा तुमीही. मी कुठं नाई म्हनतो? दे व पोरी, त्याईच्या हातात दे."

सुचिताने गिटार पुढे केली. काकांनी ती घेतली नाही. त्यांनी डावा हात उघडून दाखवला. बावीस वर्षं तारेखाली दगडासारखी झालेली बोटांची टोकं आता गुलाबी, पातळ झाली होती, एका बोटावर तर सालडं निघालं होतं.

"टाचा घासाच्या वजरीनं घासले," ते म्हणाले. "दोन महिने, रोज सकायी. खरखर जावी म्हनून. आता तारच सहन होत नाई."

उत्तमरावांनी खिडकीशी जाऊन पिचकारी टाकली, तोंड पुसलं आणि परत येऊन बसले.

"हात्तीच्या! घट्टे काय, महिन्याभरात येतात परत."

"घट्टे तं येतीन," दयाराम काका म्हणाले, आणि वायर हळूच बॉक्समध्ये परत सारून चपला घालायला बाहेर गेले.