आईची परवानगी

"थांबवा हो! जरा मागे घ्या!"

पहिल्या रांगेतली म्हातारी उठून उभी राहिली, तशी तिच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली. प्रोजेक्टरवाल्यानं फिल्म थांबवली. वाचनालयाच्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. भरदुपारी खिडक्या झाकून अंधार केलेला. आदिवासी आणि पॅलेस्टिनी आयांवरची फिल्म सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

ग्रंथपाल बाई लगबगीनं पुढे आल्या. कार्यक्रम त्यांनी ठरवलेला, त्यामुळे काहीही बिनसलं की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडेच वळायच्या.

"काय झालं आजी? पाणी देऊ का?"

"पाणी नको. ती पोरींची रांग परत दाखवा."

निवासी शाळेचं जुनं चित्रीकरण होतं ते, उणंपुरं वीस सेकंदांचं, रंग नसलेलं. लांबलचक टेबलापाशी बारा मुली जेवायला बसल्या होत्या. आदिवासी वस्त्यांतून गाडीत घालून आणलेल्या. सगळ्यांचे केस एकाच मापानं कापलेले, सगळ्यांना एकसारखे झगे. आणि प्रत्येकीच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा, धुरकट ठिपका.

"यात माझी आहे," आजी म्हणाल्या. "सहा वर्षांची होती, नेली तेव्हा. परत नाही आली. तिचा साधा फोटो नाही माझ्याकडे. त्या शाळेतल्या पोरी इथे दाखवणार म्हणून कळलं, तर दोन गाड्या बदलून आले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चेहरा आठवेनासा झालाय हो आताशा. तुम्ही चेहरे का पुसलेत?"

चेहरे खरोखरच बाईंनी पुसायला लावले होते. शाळा याच भागातली, म्हणून फिल्म करणाऱ्यांनी वाचनालयाच्या समितीला विचारलं होतं, मुलींचे चेहरे ठेवायचे की झाकायचे. बाई धरून पाच जणांची समिती. खुर्च्या कशा मांडायच्या यावर दोन बैठका होऊनही तिचं एकमत झालं नव्हतं, पण चेहऱ्यांवर पाच मिनिटांत झालं. पोरींची परवानगी नाही, घरच्यांची नाही, मग उघडे चेहरे दाखवणं बरं नव्हे. आपण फार समजूतदारपणे वागलो असं सगळ्यांना वाटलं होतं, बाईंना तर सगळ्यांत जास्त. घरच्यांना शोधून विचारावं, हे मात्र पाचांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मुलींचा मान राखायचा म्हणून झाकलेत, आजी." बोलता बोलता बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"मग आता उघडा ना."

बाईंनी मागे पाहिलं. प्रोजेक्टरवाल्यानं मान हलवली. "आपल्याकडे एवढीच प्रत आहे. मूळ रीळ शाळेनं परत नेलं, कपाटात घालून कुलूप लावलं. आता कुणी विचारलं तरी दारात उभं करत नाहीत."

आजी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "हात बघते. माझी डावरी होती."

थांबलेल्या चित्रासमोरून त्या हळूहळू सरकत गेल्या, एकेका मुलीपाशी थांबत. बाराही जणींनी चमचा उजव्या हातात धरला होता. आजींनी पुन्हा पहिल्या मुलीपासून सुरुवात केली.

"म्हणजे यात नाही ती," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "की हात बदलायला लावला असेल तिला?"

बाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, आपण शेजारी बसल्या आणि फिल्म पुढे चालू करायला सांगितलं. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

पडद्यावर पॅलेस्टाईनमधलं एक घर आलं. बॉम्बनं एक भिंत निम्मी ढासळलेली. आई चार वर्षांच्या मुलाच्या हातावर पेनानं त्याचं नाव लिहीत होती. पडद्यावर खाली येणारी भाषांतराची अक्षरं बाई आजींच्या कानात वाचत होत्या. उद्या काही बरंवाईट झालं तर पोर कुणाचं ते कळावं, म्हणून नाव. पोराला गुदगुल्या होत होत्या. तो खिदळत हात ओढून घेई, की आई दटावी, "हलू नकोस रे, परत लिहावं लागेल!"

"याचा चेहरा दिसतोय की," आजी म्हणाल्या.

"हो. त्याच्या आईनं परवानगी दिली ना."

"कशी?"

"कागदावर सही करून."

आजी सरळ होऊन बसल्या. "मग हे आधी नाही का सांगायचं! मला सही येत नाही. अंगठा चालेल?"

बाईंनी पुन्हा सगळं समजावलं. रीळ, शाळा, कपाट, कुलूप. आजी मान डोलावत ऐकत होत्या, पण पुढे केलेला अंगठा काही मागे घेईनात. शेवटी बाई उठल्या. बाहेरच्या टेबलावरून एक कोरा कागद आणि पुस्तकांवर शिक्के मारायचं शाईचं पॅड घेऊन आल्या. कागदावर त्यांनी लिहिलं, माझ्या मुलीचा चेहरा दाखवायला माझी परवानगी आहे. याचा काडीचा उपयोग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नाही म्हणायला जीभ रेटेना.

आजींनी अंगठा नीट दाबून उठवला. वाकून बघितलं, उमटलाय ना. बोटाची शाई रुमालाला पुसली, खुर्ची जराशी पुढे ओढली आणि पडद्यावरची नजर न हलवता प्रोजेक्टरवाल्याला म्हणाल्या, "हं, आता दाखवा."