दुसरं बक्षीस

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या आमच्या गावात गोळीबाराचे प्रकार फारच वाढले, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली.

"पोरांना बापाचा धाक उरला नाही," वेंडेल म्हणाला.

"कसला डोंबलाचा धाक! त्या व्हिडिओ गेमनी पोरं बिघडवली. दिवसभर नुसतं ठो ठो!" लॉरेटाआजी कडाडल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग पोरांच्या समुपदेशनाला निधी हवा, म्हणून सोडत काढली. पहिलं बक्षीस वेंडेलला लागलं. दुसरं आजींना, कोरा करकरीत व्हिडिओ गेम! विंचू दिसावा तसा त्यांनी तो दूर ढकलला.



"वेंडेल, परवा माझा नातू बारा वर्षांचा होतोय. ही ब्याद तूच घे बाबा, आणि त्याच्यासाठी मला तुझ्या बक्षिसाची रायफल दे."