मंगळवारची माफी

चटईखाली पेनियामिनाचे गुडघे पार बधिर झाले होते, आणि मनात माफीऐवजी संताप उकळत होता.

उजाडायच्या आधी तो एकटाच येऊन धाकट्या भावाच्या दारात गुडघे टेकून बसला होता, सामोआच्या रीतीप्रमाणे डोक्यावरून उंची चटई पांघरून. घरातल्यांनी येऊन ती उचलली की माफी मिळाली. नाही उचलली तर नातं संपलं. आता ऊन पाठीवर चढलं, तरी नफतालीच्या घराच्या दारावरचे झावळ्यांचे झाप खालीच होते. आतून साधा खोकलासुद्धा नाही!

भांडण शब्बाथाचं, म्हणजे आठवड्यातल्या पवित्र सातव्या दिवसाचं होतं. सरकारनं व्यापाराच्या सोयीसाठी एक शुक्रवार कॅलेंडरातून उडवला. लोक गुरुवारी झोपले आणि शनिवारी उठले. नफताली नव्या शनिवारी प्रार्थनेला जाऊ लागला. पेनियामिनाचं म्हणणं, देवानं काही शुक्रवार उडवला नाही. सृष्टीपासून मोजलं तर सातवा दिवस आता रविवारीच येतो. दोघांनी एकाच शास्त्राची तीच पानं एकमेकांच्या तोंडावर फडकवली. शेवटी भर जेवणात पेनियामिना म्हणाला, “तुझा देव पंतप्रधान!” नफतालीनं उत्तर दिलं, “तुला सातपर्यंत मोजता येत नाही, तू कोंबड्या कशा मोजतोस?” त्या दिवसापासून एक समुद्राच्या वाटेनं जायचा, दुसरा अळूच्या मळ्यातून.

माफीसाठी त्यानं मुद्दाम मंगळवार धरला होता. मंगळवाराबद्दल दोघांचंही काही म्हणणं नव्हतं.

“कोण रे चटईखाली?” मासे घेऊन निघालेली तालाई आत्या थबकली.

“मी. पेनियामिना.”

“अरे देवा! कुणाला मारलंस?”

“कुणाला नाही. शास्त्रवचनावरून वाद झालाय.”

“मग बस बाबा. खून असता तर एव्हाना उठवलं असतं.” ती हसत पुढे गेली.

पेनियामिना आणखीच पेटला. मोठा भाऊ दारात गुडघे टेकतो आणि हा आत लोळत पडतो? हाच का याचा शनिवारचा धर्म? जाताना झाप उचकटून चार शब्द सुनवायचे, असं त्यानं ठरवलं. पण उठला नाही. उठलं की संपलं. नफतालीला पोहायला त्यानंच शिकवलं होतं. ते काही कुठल्या वारी शिकवलं, हे आठवत नव्हतं.

तेवढ्यात धापा टाकत पावलं आली. बायको, सिनालेई.

“अहो, तुम्ही इथं? सगळा गाव पालथा घातला मी! आणि ही माझ्या लग्नातली चटई!”

“जा इथून. माझा भाऊ आत आहे. निर्लज्ज उठत नाही.”

“आत कुणी नाही. भाऊजी बायकापोरांसकट पहाटेपासून आपल्या दारात बसलेत, चटई पांघरून. मी उचलायला गेले तर म्हणतात, दादाच्याच हातानं उचलली गेली पाहिजे.”

चटईखालून नाक ओढल्याचा आवाज आला.

“त्याला सांग, माफ केलं,” पेनियामिना म्हणाला. “आणि हेही सांग, आधी मी बसलो होतो.”