परवापासून

“यांना कधीपासून दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं. आई इंजेक्शनच्या गुंगीत होती, म्हणून बाबांनीच उत्तर दिलं, “आज सकाळपासून.”

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. “स्वादुपिंडाला सूज आली आहे. दुखणं किती वाढेल, याचा अंदाज रक्तातल्या या आकड्यावरून येतो. आकडा कमी आहे, पण तो चढायलाच दोन दिवस लागतात. दूध आत्ता कुठे गॅसवर ठेवलं असेल, तर ते उतू जाणार की नाही, हे कसं सांगणार? अजून दोन दिवस धाकधूक आहेच.”

बाबा खुर्ची ओढून बसले. दाराशी उभी असलेली त्यांची छोटी लेक फ्रॉकचं टोक पिळत होती.

“परवापासून दुखतंय,” ती एकदम म्हणाली. “आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस. आणि सांगितलं असतं, तर माझी कालची सहल बुडाली असती.”

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा उचलला. “परवापासून? आणि तरी आकडा एवढाच? मग बहुधा थोडक्यात निभावेल.”

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लेकीला जवळ ओढलं. “वेडाबाई, निदान मला तरी सांगायचंस!”

“मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे,” ती हुंदके देत म्हणाली. “परवा तुम्ही मॅच बघत होता ना, तेव्हा आई तुमच्या शेजारीच पोट दाबून बसली होती.”